दीड कोटी गाड्या विकल्या आणि मग कारखानाच बंद ठेवावा लागला: हेन्री फोर्डच्या हट्टाची गोष्ट

तारीख २६ मे १९२७. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला हायलँड पार्कचा कारखाना. मॉडेल टी नावाची एक गाडी बाहेर पडली. स्टिअरिंगवर होता एडसेल फोर्ड आणि शेजारी बसले होते त्याचे वडील, हेन्री फोर्ड. ही दीड कोटी क्रमांकाची मॉडेल टी होती. तोवर जगात एकाच मॉडेलच्या इतक्या गाड्या कुणीच बनवल्या नव्हत्या.

आता असा आकडा गाठला की कुठलीही कंपनी जल्लोष करेल. पण त्याच सुमारास फोर्ड कंपनीनं जाहीर केलं की ही गाडी आता बंद होणार आहे.

मग पुढची गाडी? ती अजून तयारच नव्हती.

जगातली सगळ्यात मोठी कार कंपनी अशी मोकळ्या हातानं का उभी राहिली, हे समजून घ्यायचं तर हेन्री फोर्ड हा माणूस आणि त्याचा एक हट्ट समजून घ्यावा लागतो.

आधी एक गोष्ट क्लिअर करू: प्लॅटफॉर्म म्हणजे काय?

गाडीचा बाहेरचा पत्रा, रंग, दिवे हे झाले कपडे. त्याखाली असतो सांगाडा. चासी, सस्पेन्शन, चाकांमधलं अंतर, इंजिन आणि गिअरबॉक्स बसवायची जागा. हा सांगाडा म्हणजे प्लॅटफॉर्म.

कपडे बदलणं स्वस्त असतं. आपण त्याला फेसलिफ्ट म्हणतो. सांगाडा बदलायचा तर डिझाइन नवं, मशिन्स नव्या, टेस्टिंग नवं. खर्च प्रचंड. उलट जुन्या प्लॅटफॉर्मचे पैसे कधीच वसूल झालेले असतात, त्यामुळे त्यावर बनलेली प्रत्येक गाडी जास्त नफा देते. म्हणूनच कंपन्यांना जुना प्लॅटफॉर्म सोडवत नाही. हेन्री फोर्डलाही सोडवला नाही.

शेतात जन्म, पण जीव मशिनमध्ये

हेन्रीचा जन्म ३० जुलै १८६३ चा, मिशिगनमधल्या एका शेतकरी घरातला. शेतीत त्याचं मन कधी रमलं नाही. पोरवयातच तो घड्याळं खोलून दुरुस्त करायचा. बारा वर्षांचा असताना आई गेली. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यानं घर सोडलं आणि डेट्रॉईटला मशिनच्या कारखान्यात कामाला लागला.

पुढे एडिसनच्या वीज कंपनीत नोकरी धरली. दिवसा नोकरी आणि रात्री घरामागच्या शेडमध्ये गाडी बनवायची खटपट. जून १८९६ मध्ये त्याची पहिली गाडी तयार झाली, तर ती शेडच्या दारातून बाहेरच निघेना. मग गड्यानं भिंत फोडली आणि गाडी बाहेर काढली.

त्यानंतर पहिली कंपनी बुडाली. दुसरीतून भांडून बाहेर पडला. ती दुसरी कंपनी पुढे कॅडिलॅक म्हणून नावारूपाला आली. १९०३ मध्ये तिसरा डाव मांडला, तो म्हणजे फोर्ड मोटर कंपनी.

एकच गाडी, पण सगळ्यांची

त्या काळी कार म्हणजे श्रीमंतांचं खेळणं होतं. हेन्रीला शेतकऱ्याला आणि कामगाराला परवडेल अशी गाडी हवी होती. ऑक्टोबर १९०८ मध्ये मॉडेल टी आली. २० हॉर्सपॉवरचं इंजिन, हलकं पण मजबूत व्हॅनेडियम स्टील, खड्ड्यांतून आणि चिखलातून निघेल अशी उंची. किंमत साधारण ८५० डॉलर.

१९१३ मध्ये त्यानं फिरती असेंब्ली लाइन आणली. एक चासी जोडायला साडेबारा तास लागायचे, ते काम दीड तासाच्या आसपास व्हायला लागलं. १९१४ मध्ये त्यानं कामगारांना दिवसाला ५ डॉलर द्यायचं ठरवलं. हे आधीच्या मजुरीच्या दुपटीहून जास्त होतं.

गाडी एकच असल्यामुळे तिचा एकेक भाग बनवायला खास एकेक मशिन ठेवता आली. वेग वाढला, खर्च घटला, किंमत उतरली. १९२५ पर्यंत सगळ्यात स्वस्त मॉडेल टी २६० डॉलरवर आली होती. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कार्सपैकी निम्म्याहून जास्त फोर्डच्या होत्या.

पण याची दुसरी बाजू बघा. जी मशिन फक्त एकच भाग बनवते, ती दुसऱ्या गाडीच्या कामाची नसते. ज्या गोष्टीनं मॉडेल टी स्वस्त केली, त्याच गोष्टीनं ती बदलणं महाग करून ठेवलं.

लाल गाडीचा किस्सा

१९१२ चा एक किस्सा कायम सांगितला जातो. हेन्री युरोपला गेला होता. इंजिनिअर लोकांनी त्याला सरप्राइज म्हणून मॉडेल टीची सुधारित, थोडी बुटकी, चकचकीत लाल गाडी बनवून ठेवली. हेन्री परत आला, गाडीभोवती फिरला आणि त्यानं हातानं तिचं दार उपटून काढलं. मग काच फोडली आणि पुढची मोडतोड सुरू केली. कंपनीतल्या प्रत्येकाला निरोप मिळाला की मॉडेल टीला हात लावायचा नाही.

लोक बदलले, गाडी तशीच राहिली

मॉडेल टी आली तेव्हा कार बहुतेक उघड्याच असायच्या. १९१९ मध्येही अमेरिकेत बंद छताच्या गाड्या दहात एखादीच विकली जायची. १९२७ पर्यंत हे प्रमाण ८५ टक्क्यांवर गेलं. आता लोकांना पावसात कोरडं राहायचं होतं आणि थंडीत काच वर करून बसायचं होतं.

खरी अडचण इथे आली. मॉडेल टीचा हलका सांगाडा उघड्या गाडीसाठी बनला होता. त्यावर जड, बंद बॉडी बसवली की २० हॉर्सपॉवरच्या इंजिनाचा दम निघायचा. गिअर पायानं दाबायचे, ॲक्सिलरेटर हातानं ओढायचा. पायाच्या ब्रेकनं चाकं धरली जात नसत, तो ट्रान्समिशनवर काम करायचा.

तिकडे जनरल मोटर्समध्ये आल्फ्रेड स्लोननं वेगळा खेळ मांडला. दरवर्षी नवं रूप, प्रत्येक खिशासाठी वेगळी गाडी, वर हप्त्यांची सोय. शेवरले मॉडेल टीपेक्षा महाग होती, पण हप्त्यावर घेताना तो फरक फारसा जाणवत नव्हता. शेवरलेची सूत्रं होती विल्यम नुडसनकडे, आणि हा माणूस हेन्रीला कंटाळून फोर्ड सोडून गेलेला.

एडसेल १९१९ पासून कंपनीचा अध्यक्ष होता, पण कागदावर. नवी गाडी आणा, ब्रेक सुधारा असं तो सांगत राहिला. जानेवारी १९२६ मध्ये एडसेलचा साडू अर्नेस्ट कॅन्झलर यानं हेन्रीला सविस्तर टिपण लिहून दिलं की आता नवी गाडी लागेल. त्याच वर्षी कॅन्झलरला कंपनीतून जावं लागलं.

हेन्रीनं काहीच केलं नाही असं नाही. १९२६ साठी मॉडेल टी थोडी बुटकी केली, बॉडी नवी दिली. १९१४ पासून फक्त काळी मिळणारी गाडी पुन्हा रंगांत आली. म्हणजे फेसलिफ्टच. पण आतला सांगाडा तोच होता. विक्री घसरतच राहिली.

सहा महिने शुकशुकाट

शेवटी हेन्री नमला. पण नवी गाडी कागदावर असतानाच जुनी बंद झाली. हजारो मशिन्स बदलायच्या होत्या. नव्या गाडीचे जवळजवळ सगळे भाग नवे होते. उत्पादन सुमारे सहा महिने ठप्प झालं. हजारो कामगार घरी बसले आणि डीलर रिकाम्या शोरूममध्ये. त्या वर्षी शेवरले पहिल्या नंबरवर गेली.

२ डिसेंबर १९२७ ला मॉडेल ए आली. ४० हॉर्सपॉवर, चारही चाकांना ब्रेक, पुढे सेफ्टी ग्लास, नेहमीचे गिअर आणि एडसेलच्या नजरेतून उतरलेलं देखणं रूप. बघायला गर्दी लोटली. १९३१ पर्यंत जवळपास ५० लाख गाड्या विकल्या गेल्या. म्हणजे फोर्डकडे नवी गाडी बनवायची ताकद होती. जुनी विकली जात असतानाच ती बनवायला घ्यायची तयारी मात्र नव्हती.

उशिराचं बिल कुणी भरलं?

हेन्रीचा हट्ट गाडीपुरता नव्हता. त्याच्या वर्तमानपत्रानं १९२० च्या दशकात ज्यूंविरुद्ध विखारी लेखमाला छापली. १९३७ मध्ये कंपनीच्या माणसांनी युनियनवाल्यांना मारहाण केली. क्रायस्लरनं १९२४ मध्येच दिलेले हायड्रॉलिक ब्रेक फोर्डच्या गाड्यांत आले ते १९३९ च्या मॉडेलमध्ये.

एडसेल मात्र शेवटपर्यंत वडिलांच्या सावलीतच राहिला. पोटाच्या कॅन्सरनं तो वयाच्या ४९ व्या वर्षी गेला. तारीख होती २६ मे १९४३. बापलेकानं दीड कोटीवी गाडी बाहेर काढली त्याला त्या दिवशी बरोबर १६ वर्षं झाली होती.

म्हातारा हेन्री पुन्हा अध्यक्ष झाला. अखेर १९४५ मध्ये घरातल्या बायकांनीच जोर लावला आणि सूत्रं एडसेलच्या मुलाकडे, दुसऱ्या हेन्रीकडे गेली. ७ एप्रिल १९४७ च्या रात्री हेन्री फोर्ड वारला. नदीला आलेल्या पुरामुळे घरात वीज नव्हती. एके काळी वीज कंपनीत इंजिनिअर असलेला हा माणूस मेणबत्तीच्या उजेडात गेला.

तेव्हाही फोर्डच्या गाड्यांखाली मॉडेल टीच्या पद्धतीचीच आडवी स्प्रिंग होती. नातवानं १९४८ मध्ये १९४९ ची फोर्ड बाजारात आणली, तेव्हा कुठे ती गेली. दुसऱ्या महायुद्धानंतरची ती कंपनीची पहिली पूर्ण नवी गाडी होती.

मग जुना प्लॅटफॉर्म ठेवावा की टाकावा?

हेन्री मूर्ख नव्हता. १९१५ मध्ये मॉडेल टी बदलली असती तर ती इतकी स्वस्त झालीच नसती. चांगला प्लॅटफॉर्म जितका चालेल तितका चालवणं हा धंद्याचा साधा हिशोब आहे.

प्रश्न एवढाच विचारायचा: गिऱ्हाईक आज जे मागतंय, ते जुन्या सांगाड्याला पेलणार आहे का? रंग मागत असेल तर पेलेल. छत मागत असेल आणि छतानं गाडीचा दम निघत असेल, तर नवा सांगाडा लागणार. आणि त्याचं काम जुनी गाडी जोरात विकली जात असतानाच सुरू करावं लागतं, कारण नंतर वेळ विकत मिळत नाही. आज पेट्रोलच्या जुन्या प्लॅटफॉर्ममध्ये बॅटरी बसवायची की इलेक्ट्रिकसाठी नवा बनवायचा, हे ठरवणाऱ्या कंपन्यांपुढेही हाच प्रश्न आहे.

हेन्रीच्या उशिराची किंमत आधी कामगारांनी आणि डीलरांनी मोजली, आणि आयुष्यभर ती मोजत राहिला तो एडसेल.