थॉमस कपमागचा माणूस

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कोर्टवर कितीही भारी स्मॅश मारा, थॉमस कपसाठी स्वतः फॉर्म भरता येत नाही. संघ पाठवते देशाची संघटना. ही स्पर्धा सुचली इंग्लंडच्या सर जॉर्ज थॉमस यांना. जन्म १८८१. ऑल इंग्लंडची २१ विजेतेपदं. बुद्धिबळातही दोनदा ब्रिटिश विजेते! १९३४ मध्ये नऊ संघटनांनी जागतिक महासंघ उभारला, पहिले अध्यक्ष तेच. १९३९ मध्ये त्यांनी सांघिक स्पर्धेची कल्पना मांडली, चषकही दिला. पण महायुद्ध पेटलं, दहा वर्षं गेली. १९४९ मध्ये मलायाने पहिला चषक उचलला, तेव्हा थॉमस ६७ वर्षांचे होते. स्वतः त्यात कधीच खेळले नाहीत. १९७२ मध्ये त्यांचं निधन झालं. बरोब्बर पन्नास वर्षांनी तो चषक भारताने जिंकला. त्या संघात आपल्या मुंबईचा चिराग शेट्टीही होता.