१२ वर्षं जगज्जेता राहिलेल्या जो लुईसला टॅक्सचं कर्ज फेडायला पुन्हा रिंगमध्ये उतरावं लागलं

बॉक्सिंग म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं मोहम्मद अलीचं, दुसरं माइक टायसनचं. जो लुईस सहसा आठवत नाही. पण हेवीवेटचं जगज्जेतेपद सलग सर्वात जास्त काळ ज्याच्याकडे राहिलं, तो हाच गडी. १९३७ ते १९४९, जवळपास १२ वर्षं. या काळात त्याने २५ वेळा हा किताब राखला.

जोचा जन्म १३ मे १९१४ चा, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातला. कृष्णवर्णीय कुटुंब, दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवून पोट भरणारं. जो लहान असतानाच वडिलांना मनोरुग्णालयात ठेवलं गेलं. पुढे ते वारले असंच घरच्यांना कळवण्यात आलं, प्रत्यक्षात ते १९३८ पर्यंत जिवंत होते! १९२६ मध्ये हे कुटुंब डेट्रॉइटला आलं. पोरगं व्हायोलिन शिकेल म्हणून आईने पैसे दिले, पोराने ते बॉक्सिंगवर खर्च केले.

आता त्या काळातली एक गोष्ट समजून घ्या. पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट चॅम्पियन जॅक जॉन्सन १९१५ मध्ये हरला. त्यानंतर तब्बल २२ वर्षं एकाही कृष्णवर्णीय बॉक्सरला या किताबासाठी लढूच दिलं नव्हतं. म्हणून जोच्या मॅनेजरांनी त्याला नियम घालून दिले. गोऱ्या बाईसोबत फोटो काढायचा नाही, हरवलेल्या गोऱ्या खेळाडूसमोर आनंद दाखवायचा नाही. ठोसे मारायचे, पण चेहरा कोरा ठेवायचा.

१९३७ मध्ये किताब मिळाला. २२ जून १९३८ ला यांकी स्टेडियमवर त्याने जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला अवघ्या २ मिनिटं ४ सेकंदांत झोपवलं. हिटलरच्या जर्मनीचा माणूस हरला, त्यामुळे गोऱ्या अमेरिकेलाही जो अचानक आपला वाटू लागला.

मग युद्ध आलं. जानेवारी १९४२ मध्ये जो एक लढत जिंकला आणि आपलं मानधन त्याने नौदलाच्या मदतनिधीला देऊन टाकलं. त्या वेळी याच नौदलात कृष्णवर्णीयांना भरती मिळायची ती जेवण बनवायला आणि वाढायला. दोन महिन्यांनी दुसऱ्या लढतीचे पैसे लष्कराच्या निधीला दिले. स्वतः साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि सैनिकांसमोर प्रदर्शनी लढती खेळत फिरला.

टॅक्सवाल्यांनी मात्र दान केलेली रक्कमही त्याचं उत्पन्न धरली. त्याच्या लढतींतून अंदाजे ४६ लाख डॉलर आले, त्यातले त्याच्या हातात ८ लाखांच्या आसपास पडले असं सांगितलं जातं. बाकी मॅनेजर, प्रमोटर आणि खर्चात गेले. जोसुद्धा काही काटकसरी नव्हता. मागेल त्याला पैसे द्यायचा, गोल्फवर पैजा लावायचा. पण हिशोब ज्यांनी बघायचा होता, त्यांनी तो बघितला नाही. व्याज चढत गेलं आणि पन्नासच्या दशकात थकबाकी १० लाख डॉलरच्या वर गेली. १९५३ मध्ये आई वारली. तिने मागे ठेवलेले सहाशे-सातशे डॉलरही टॅक्स खात्याने उचलले.

१९४९ मध्ये निवृत्त झालेला जो पुढच्याच वर्षी परत रिंगमध्ये उतरला. एझर्ड चार्ल्सकडून पूर्ण १५ राउंड मार खाऊन हरला. पैसे फिटले नाहीत, म्हणून पुन्हा लढत राहिला. २६ ऑक्टोबर १९५१ ला २८ वर्षांच्या रॉकी मार्सियानोने ३७ वर्षांच्या जोला आठव्या राउंडमध्ये दोरांमधून बाहेर फेकलं. जिंकलेला मार्सियानोच रडला, कारण जो त्याचा हिरो होता.

डोक्यावरच्या ठोशांनी काय होतं हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, असं नाही. कवटीच्या आत मेंदू द्रवात असतो. ठोशाने डोकं झटकन फिरलं की मेंदू मागे राहतो आणि त्यातले बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. हे वर्षानुवर्षं होत राहिलं की बोलणं अडखळतं, चाल बिघडते, स्मृती जाते. न्यू जर्सीचे डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी या 'पंच ड्रंक' अवस्थेवर १९२८ मध्येच लेख लिहिला होता. म्हणजे जो व्यावसायिक बॉक्सर होण्याच्या सहा वर्षं आधी! त्यांनी हेही नोंदवलं होतं की सर्वाधिक फटका बसतो दुय्यम दर्जाच्या बॉक्सरना आणि तालमीत मार खायला उभ्या केलेल्या पोरांना. ही पोरं कुठल्या घरांतून येत होती, हे वेगळं सांगायला नको.

पुढे जो व्यावसायिक कुस्तीतही उतरला. तिथे छातीला दुखापत झाली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्याची वकील पत्नी मार्था हिच्या प्रयत्नांनी टॅक्स खातं नरमलं आणि चालू कमाईवरच वसुली करायला तयार झालं. तोवर उशीर झाला होता. कुणीतरी आपल्याला विषारी वायूने मारणार आहे, या भीतीने तो हॉटेलच्या खोल्यांमधली हवेची तोंडं बुजवू लागला. १९७० मध्ये घरच्यांना त्याला डेन्व्हरच्या मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं.

हे ठोशांमुळेच झालं का? वडिलांचा मानसिक आजार होता, जोने कोकेन घेतल्याचंही स्वतः कबूल केलं होतं. त्यामुळे एकाच कारणाकडे बोट दाखवता येत नाही. पण निवृत्तीनंतर खाल्लेले ठोसे टाळता आले असते, एवढं नक्की.

शेवटची वर्षं तो लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये पाहुण्यांचं स्वागत करायची नोकरी करत होता. १९७७ च्या हृदयशस्त्रक्रियेनंतर पक्षाघात झाला आणि व्हीलचेअर आली. १२ एप्रिल १९८१ ला, वयाच्या ६६ व्या वर्षी तो गेला. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी नियम शिथिल करून त्याला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा दिली. अंत्यविधीच्या खर्चाला हातभार लावणाऱ्यांमध्ये १९३८ मध्ये त्याच्याकडून हरलेला मॅक्स श्मेलिंगही होता.