शेठ वालचंद हिराचंद : मालकी बदलली, काम टिकले

आधुनिक भारताच्या उद्योगविश्वाचे एक शिल्पकार शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरचा व्यवसाय कापसाचा व सावकारीचा; पण पेढीच्या गादीवर त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचे कंत्राट घेतले. येथून त्यांच्या उद्योगयात्रेचा आरंभ झाला.

१९१९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारून परकीय जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीस आव्हान दिले. मालेगाव तालुक्यातील रावळगाव येथे १९२३ मध्ये जमीन घेऊन त्यांनी ती लागवडीखाली आणली व १९३३ मध्ये तेथे साखर कारखाना काढला. इंदापूर तालुक्यात तर कारखान्याभोवती वालचंदनगर हे गावच वसले. पुढे तेथे यंत्रनिर्मितीही सुरू झाली. एका धंद्याने दुसऱ्या धंद्यास जन्म द्यावा, ही त्यांची रीत होती.

डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने त्यांनी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापिली. महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, सरकारने त्यांचे भाग विकत घेतले. जिवापाड जोपासलेले रोपटे दुसऱ्याच्या हाती गेले. तथापि कारखाना बंद पडला नाही. युद्धकाळात तेथे विमानदुरुस्तीचे प्रचंड काम झाले व कामगारांची संख्या वाढतच गेली. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही त्याच रोपट्याचा वृक्ष होय.

विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची कथाही तशीच. १९४१ मध्ये पायाभरणी झाली, १९४८ मध्ये ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात उतरले आणि १९५२ मध्ये कारखान्याची बहुतांश मालकी सरकारकडे गेली. मालक बदलला, गोदी, यंत्रे आणि कुशल कारागीर मात्र तेथेच राहिले, म्हणून रोजगारही राहिला.

याची दुसरी बाजू रावळगावने दाखविली. २०२४ मध्ये तेथील गोळ्यांची सुप्रसिद्ध नाममुद्रा २७ कोटी रुपयांना रिलायन्स समूहाच्या कंपनीकडे गेली. जमीन, इमारती व यंत्रसामग्री या व्यवहारात नव्हती. नाव विकले जाते तेव्हा त्या नावामागचे काम आपोआप सोबत जात नाही. ताळेबंदात नावाची किंमत मांडता येते. कामगाराच्या हातातील कौशल्य मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही.

८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे शेठजींचे देहावसान झाले. मालकी ही काही काळापुरती असते. उभे केलेले काम अनेक पिढ्यांची चूल पेटती ठेवते, हा त्यांच्या जीवनाचा बोध आहे. भांडवल गुंतविणाऱ्याने आणि उद्योग विकणाऱ्यानेही तो ध्यानी ठेवावा. या कर्मयोगी उद्योगमहर्षीच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!