उलटं वाचा, फाळकेच दिसतील: दादासाहेबांमधला जादूगार ‘प्रोफेसर केळफा’ कोण होता?

हॉटेलात ऑर्डर देऊन झाली आहे. जेवण यायला वेळ आहे, टेबलावरचे चौघेही मोबाइलमध्ये आहेत. तेवढ्यात एक जण शेजारी येऊन उभा राहतो आणि तुमच्याकडचंच एक नाणं मागतो. मूठ मिटते, उघडते, नाणं गायब. पोरं खुर्चीवरून उठून बघायला लागतात.

मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत असे टेबलाटेबलावर फिरणारे जादूगार आता दिसतात. त्यांच्या कामात हातचलाखी निम्मीच असते. उरलेलं निम्मं म्हणजे टेबलापाशी जाणं. लोक जेवायला आलेले असतात, जादू बघायला नाही, आणि जादूगाराला कुणी बोलावलेलं नसतं. तोंडात घास असताना जायचं नाही, लांबलचक ओळख करून द्यायची नाही, पहिला प्रयोग छोटा आणि समोरच्याच्याच वस्तूवर करायचा, कुणी कंटाळलेलं दिसलं तर हसून पुढच्या टेबलाकडे वळायचं. पहिल्या अर्ध्या मिनिटात संकोच मोडला नाही, तर पुढची सगळी जादू फुकट.

न बोलावता गेलेल्या माणसाने समोरच्याचा विश्वास कसा मिळवायचा, हा प्रश्न नाशिक जिल्ह्यातल्या एका माणसाला आयुष्यभर पुरला. त्यांना आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतो. त्याआधी ते जादूगार होते, हे मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

फोटो काढायला कुणी बसेना

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवण्याची नोकरी मिळाली आणि घर मुंबईला गेलं. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, फोटोग्राफी, ब्लॉक बनवणं, छपाई असं हाताला लागेल ते सगळं शिकले. आजच्या भाषेत सांगायचं तर एकाच वेळी चार कोर्सना नाव घातलेला विद्यार्थी.

शिकून झाल्यावर गोध्र्याला फोटोचा धंदा टाकला. तिथेच प्लेगने पहिली पत्नी आणि मूल दोघांनाही नेलं. फाळके बडोद्याला परतले, पुन्हा कॅमेरा मांडला. पण गिऱ्हाईक बसेना. कॅमेरा माणसातली शक्ती ओढून घेतो आणि फोटो काढला की आयुष्य घटतं, असा समज तेव्हा पक्का होता. यंत्र उत्तम, कारागीर उत्तम, पण समोरची खुर्ची रिकामी. संस्थानच्या दरबारापर्यंत जाऊन त्यांनी कॅमेऱ्याची बाजू मांडली, तरी धंदा उठला नाही. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला सुरुवात केली.

केळफा कुठून आला?

त्याच दिवसांत बडोद्यात आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून फाळके जादू शिकले. इंटरनेटवर या जागी कार्ल हर्ट्झ हे नाव बिनधास्त छापलेलं दिसेल. पण हर्ट्झ जन्माने अमेरिकन, सॅन फ्रान्सिस्कोचा. तेव्हा फॉरवर्ड करण्याआधी थांबा.

१९०१ च्या अखेरीस फाळके जाहीर प्रयोग करू लागले. रंगमंचावरचं नाव ‘प्रोफेसर केळफा’. फा-ळ-के उलटं वाचा, के-ळ-फा. परदेशी वाटणारं नाव आणि पुढे प्रोफेसर ही त्या काळच्या जादूगारांची रीतच होती. पण मराठीत अक्षरं इतकी चपखल उलटतात की हा नावाचा खेळ हीच त्यांची पहिली जादू म्हणायला हरकत नाही.

जगात इतरत्रही हेच घडत होतं. पॅरिसचे जॉर्ज मेलिएस स्वतःचं जादूचं थिएटर चालवत होते. १८९५ मध्ये त्यांनी ल्युमिएर बंधूंचा सिनेमा पाहिला आणि काही महिन्यांत स्वतः कॅमेरा हातात घेतला. नसलेलं दाखवणं आणि असलेलं लपवणं ज्याचं काम, त्याला सिनेमाचा उपयोग सगळ्यांच्या आधी कळावा यात नवल नाही.

फाळक्यांना मात्र तिथवर पोचायला आणखी दहा वर्षं लागली. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं, पत्नी सरस्वतीबाई. मग पुरातत्त्व खात्यात नोकरी, ती सोडून लोणावळ्याला छापखाना, तो पुढे दादरला, छपाईची यंत्रं आणायला जर्मनीची वारी. भागीदारांशी पटेना, तेव्हा छापखान्यातूनही बाहेर पडले, तेही हात हलवत.

कुंडीतला वाटाणा

१९११ च्या ईस्टरच्या सुमारास गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर कृष्ण दिसला पाहिजे, हे त्यांनी तिथेच ठरवलं. त्यानंतर मिळेल तो चित्रपट पाहण्याचा आणि रात्री जागण्याचा इतका अतिरेक झाला की काही काळ दृष्टीच गेली. उपचार झाले, चष्मे बदलत गेले, तेव्हा कुठे दिसू लागलं. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला निघाले. ओळखदेख नसताना एका सिने-साप्ताहिकाच्या कचेरीत थेट शिरले, तिथल्या संपादकामार्फत सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत पोचले, विल्यम्सन कॅमेरा विकत घेतला आणि एप्रिलमध्ये परतले.

आता भांडवल हवं होतं. चाळिशी ओलांडलेला, छापखाना सोडलेला, अंगावर कर्ज असलेला माणूस. त्याला सिनेमासाठी पैसे कोण देणार? सिनेमा हा धंदा आहे, हेच तेव्हा इथे कुणाला पटलेलं नव्हतं.

फाळक्यांनी भाषण केलं नाही. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडंथोडं चित्रण केलं. फिल्म चालवली की मातीतून कोंब वर येतो, पानं फुटतात, वेल चढतो, आणि हे सगळं मिनिटाभरात. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यात टाइम-लॅप्स नावाचं बटण असतं, तेच हे. फक्त इथे बटणाच्या जागी एक माणूस होता आणि त्याने एक दिवस जरी चुकवला असता, तरी वेल मध्येच उडी मारताना दिसला असता.

‘अंकुराची वाढ’ ही फिल्म त्यांनी मोजक्या माणसांना बोलावून दाखवली. टेबलावरच्या जादूचे सगळे नियम इथे आहेत: प्रेक्षक थोडे, प्रयोग छोटा, वस्तू घरातलीच. वाटाणा सगळ्यांच्या ओळखीचा, त्यामुळे फसवणुकीचा संशय घ्यायला जागा नाही. बघणाऱ्यांत यशवंतराव नाडकर्णी होते. ते कर्ज द्यायला तयार झाले. उरलेली भर सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी घातली. हा भाग बहुतेक लेखांत एका ओळीत उरकला जातो. प्रत्यक्षात घरातल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, फिल्मच्या कडेला भोकं पाडणं आणि अंधारात फिल्म धुणं, हेही त्यांच्याच वाट्याला आलं. केळफाच्या खेळातला पडद्यामागचा माणूस कोण, हे विचारलंच तर उत्तर सरस्वतीबाई.

ग्रँट रोडच्या हॉटेलात

‘राजा हरिश्चंद्र’ला तारामती मिळेना. जाहिराती दिल्या, नाटकवाल्यांकडे विचारलं, अगदी वेश्यावस्तीतही शब्द टाकून पाहिला. सिनेमात तोंड दाखवायला एकही बाई तयार होईना.

मग ग्रँट रोडच्या एका साध्या हॉटेलात त्यांची नजर तिथे काम करणाऱ्या एका पोरावर गेली. शेलाटा बांधा, नाजूक हात. नाव अण्णा साळुंके. इथे नेहमीचा क्रम उलटा झाला: जादूगार खुर्चीवर बसलेला आणि ज्याला वळवायचं तो चहाचे कप उचलतोय. हॉटेलात त्याला महिना दहा रुपये मिळायचे, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. बाईची भूमिका करायची म्हणजे मिशी उतरवायची, आणि वडील जिवंत असताना मिशी काढणं तेव्हा अशुभ मानत. कलाकारांना आणि त्यांच्या घरच्यांना समजावण्यात फाळक्यांचे बरेच दिवस गेले. सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक नावं ठेवतील, म्हणून आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात आहोत असं सांगा, अशी युक्तीही त्यांनी आपल्या माणसांना दिली. परेश मोकाशी यांच्या २००९ च्या चित्रपटाचं नाव त्यावरूनच आलं.

चित्रीकरणासाठी मंडळी वांगणीला गेली तेव्हाचा किस्सा नेहमी सांगितला जातो. तलवारी, भाले, दागिने घेऊन फिरणारी टोळी पाहून गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोर आले. पाटील, फौजदार, झडती, सगळं झालं. फाळके पोचले आणि त्यांनी वाद घालण्याऐवजी कॅमेरा मांडला. नटांना एक प्रवेश करायला लावला आणि फिल्म न घालताच हँडल फिरवून दाखवलं. फौजदाराची खात्री पटली. फिल्म महाग होती, ती फौजदारावर कशाला घालवायची!

दोन मैल लांबीचा हिशोब

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. सोबतीला नाच, विनोदी नकला आणि पायांनी कसरत करणारा एक कलाकार असा मसाला होता. पहिला भारतीय कथापट जादूच्या खेळासारखाच, कार्यक्रमातला एक आयटम म्हणून लोकांसमोर आला. तो २३ दिवस चालला.

मुंबईबाहेर अडचण वेगळीच होती. लोकांना दोन आण्यांत सहा-सहा तासांचं नाटक बघायची सवय. तासाभराच्या चित्रपटाला तीन आणे कोण देणार? सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला तीन रुपये जमला, असं सांगतात. थिएटरवाला म्हणाला, तिकीट कमी करा किंवा खेळ लांबवा. फाळक्यांनी दोन्हीला नकार दिला आणि जाहिरात बदलली. तासांची भाषाच काढून टाकली. तीन आण्यांत सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, असा हिशोब लोकांपुढे ठेवला. गर्दी वाढली.

आता हा हिशोब तपासू. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं बसतात. चित्रपट सुमारे ३,७०० फुटांचा होता. गुणाकार केला की ५९,२०० येतात, म्हणजे सत्तावन्न हजारांचा आकडा जवळपास खरा. पण मैल म्हणजे ५,२८० फूट. ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही नाही. अर्धं वाक्य पक्कं, अर्धं हातचलाखी. ज्या शहरांत माणसं कॅमेऱ्यापुढे बसायला घाबरायची, तिथे आता फोटोंची संख्या हेच आकर्षण झालं होतं. हा बदल गल्ल्यापेक्षा मोठा वाटतो.

नाशिकचा कारखाना

१९१३ च्या ऑक्टोबरमध्ये फाळके मुंबई सोडून नाशिकला आले. ‘मोहिनी भस्मासूर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या पडद्यावर आल्या, स्त्रीभूमिका बाईने करण्याची ही सुरुवात. (कमलाबाई म्हणजे विक्रम गोखले यांच्या आजी.) १९१४ मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, चित्रपट दाखवले, तिथेच राहून काम करण्याचा प्रस्ताव आला, तो नाकारून परतले. महायुद्ध सुरू झालं आणि पैसा आटला.

याच तंगीच्या काळात केळफा परत आला. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काडेपेटीतल्या काड्या एकेक चित्र घेत हलवल्या. ‘लक्ष्मीचा गालिचा’ ही त्याच जातीची गंमत. आणि ‘प्रोफेसर केळफा’ नावाच्या छोट्या फिल्ममध्ये दादासाहेब स्वतः जादूचे प्रयोग करताना दिसले. मोठ्या पटासाठी पैसे नसताना काडेपेटीवर कॅमेरा लावणारा हा माणूस हॉटेलातल्या त्या जादूगाराचा सख्खा भाऊबंद म्हणावा लागेल.

१९१७ च्या ‘लंका दहन’ने दिवस पालटले. हॉटेलातले साळुंके यात राम आणि सीता दोन्ही झाले. मारुतीचं उड्डाण, पेटलेली शेपटी, हे सगळं कॅमेऱ्यातल्या युक्त्यांनी साधलं होतं. पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातल्या चपला काढत, असं वर्णन आहे. या यशावर भांडवलदार आले आणि १ जानेवारी १९१८ ला नाशिकची हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी सुरू झाली.

पुढची गोष्ट सोपी नाही. भागीदारांना हिशोब हवा होता, फाळक्यांना मनासारखं काम. ते कंपनी सोडून काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं, मग पुन्हा नाशिकला येऊन त्याच कंपनीत चित्रपट करू लागले. पण प्रेक्षक बदलत होता. १९३१ मध्ये बोलपट आला. त्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव खराखुरा बोलपट आणि शेवटचाही. एका कुंडीवर भांडवल उभं करणाऱ्या दादासाहेबांकडे उतारवयात कुणी पैसे घेऊन आलं नाही. आणखी एक चित्रपट काढायची इच्छा होती. युद्धकाळात त्यासाठी परवाना लागे, तो मिळाला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. पांडवलेण्यांच्या पायथ्याचं स्मारक नाशिककरांना वेगळं सांगायला नको.

फोनवर काय बघाल?

‘कालिया मर्दन’ (१९१९) बराचसा टिकला आहे आणि ऑनलाइन सापडतो. त्याची सुरुवात नक्की बघा. कृष्ण झालेली मंदाकिनी ही दादासाहेबांची लहानगी मुलगी. गोष्ट सुरू होण्याआधी ती साध्या रूपात थेट आपल्याकडे बघत उभी राहते आणि हसणं, रागावणं, घाबरणं असे एकेक भाव करून दाखवते. ओळख झाली की तिच्याच जागी, हळूहळू विरघळत, मुकुट घातलेला कृष्ण येतो.