डॉ. भाऊ दाजी लाड

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे तालुके सह्याद्रीच्या डोंगरांत वसलेले आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा जमातींचे लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. कोणत्या झाडाची साल उगाळून द्यावी, कोणत्या पाल्याचा लेप जखमेवर लावावा, याचे ज्ञान तेथील जाणत्या माणसांजवळ असते. त्याच भागात जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय आणि मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालयही आहे. एकाच घरातील आजीचा विश्वास रानातल्या मुळीवर, तर नातवाचा डॉक्टरच्या सुईवर! अशा वेळी कोणाचे ऐकावे? जुने ते सारे खरे मानावे, की नवे ते सारे खरे मानावे? एकोणिसाव्या शतकात मुंबईतील एका डॉक्टरने या प्रश्नाचे उत्तर आपल्या आचरणाने दिले. त्यांचे नाव डॉ. भाऊ दाजी लाड.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. त्यांचा जन्म १८२२ च्या सुमारास गोव्यात एका गरीब कुटुंबात झाला. वडील मातीच्या मूर्ती घडवून चरितार्थ चालवीत. भाऊ लहानपणापासून बुद्धिबळात मोठे तरबेज होते. त्यांचे हे कौशल्य एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस पडले आणि मुलाला इंग्रजी शिकवा, असा आग्रह त्याने वडिलांना केला. वडिलांनी तो मानला व कुटुंब मुंबईस आले. भाऊंनी एल्फिन्स्टन शाळेत उत्तम अभ्यास केला आणि पुढे त्याच संस्थेत ते शिक्षक झाले. कच्छ व काठेवाड या प्रांतांत त्या काळी मुली जन्मताच मारून टाकण्याची दुष्ट चाल होती. तिच्यावर लिहिलेल्या निबंधाबद्दल तरुण भाऊंना बक्षीस मिळाले.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. भाऊंनी शिक्षकाची स्थिर नोकरी सोडून या नव्या विद्यालयात नाव घातले. तेथे मृत शरीराचे विच्छेदन करून शरीराची रचना शिकावी लागे. परंपरेने वाढलेल्या घरातील मुलांच्या मनाला हे सहज मानवणारे नव्हते. परंतु भाऊंनी तो अभ्यासक्रम निष्ठेने पुरा केला. या विद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील ते एक डॉक्टर होत. १८५१ च्या सुमारास त्यांनी मुंबईत व्यवसाय मांडला आणि थोड्याच वर्षांत त्यांची कीर्ती शहरभर पसरली. त्यांचे धाकटे बंधू नारायण हेही डॉक्टर झाले. दोघा भावांनी मिळून गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला.

पैसा, कीर्ती आणि मान एवढ्यावर भाऊंना थांबता आले असते. नव्या विद्येत पारंगत झालेले कित्येक तरुण त्या काळी आपल्या देशातील जुन्या ग्रंथांकडे तुच्छतेने पाहत. उलट, जुन्या परंपरेतील कित्येक मंडळी पाश्चात्य वैद्यकाला हात लावणेही पाप समजत. भाऊंनी या दोन्ही वाटा टाळल्या. दवाखान्याच्या धकाधकीतून वेळ काढून त्यांनी संस्कृत वैद्यकग्रंथांचे अध्ययन आरंभिले. ग्रंथात एखाद्या वनस्पतीचे गुण वर्णिलेले आढळले, की ते केवळ मान डोलावून स्वस्थ बसत नसत. ते गुण त्या औषधाच्या अंगी खरोखर आहेत काय, याची ते परीक्षा करीत. ग्रंथ जुना आहे म्हणून त्यातील औषध खरे ठरत नाही आणि जुना आहे म्हणून ते खोटेही ठरत नाही. औषधाचा खरा साक्षीदार रोगी होय, हे सूत्र त्यांच्या साऱ्या कार्यात दिसून येते.

या परीक्षेचा सर्वांत कठीण विषय म्हणजे कुष्ठरोग. हा रोग झालेल्या माणसाच्या त्वचेवर चट्टे उठतात आणि तेथील संवेदना नाहीशी होते. मग विस्तवाचा चटका बसला किंवा काटा रुतला, तरी त्याला कळत नाही. अशा जखमा चिघळून हातापायांची बोटे झडू लागतात. त्याहून दारुण दुःख समाज देत असे. आप्तस्वकीय त्याला घराबाहेर काढीत. त्याच्या वाट्याला देवळाची पायरी आणि भिक्षेची थाळी येई. या रोगावर त्या काळच्या पाश्चात्य वैद्यकाजवळ खात्रीचे असे एकही औषध नव्हते. नॉर्वे देशातील डॉ. हॅन्सन यांना या रोगाचा जंतू सापडला, तोदेखील भाऊंच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस, १८७३ साली.

आपल्या सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर कडूकवठ नावाचा एक सदाहरित वृक्ष वाढतो. कोणी त्याला कवटी म्हणतात, तर कोणी खष्ठ. त्याच्या गोल फळांत तेलकट बिया असतात. कोकणातील लोक या बियांचे तेल त्वचेच्या रोगांवर लावीत आले होते. सुश्रुतसंहितेत तुवरक नावाच्या वृक्षाचे वर्णन आहे. तो पश्चिम समुद्राच्या काठच्या प्रदेशात होतो व त्याचे तेल कुष्ठावर उपयोगी पडते, असे तेथे सांगितले आहे. तुवरक म्हणजेच हे कडूकवठ, असे अभ्यासक मानतात. जे जाणत्या लोकांच्या तोंडी होते, तेच शेकडो वर्षांपूर्वीच्या ग्रंथातही होते.

हे तेल भाऊंनी आपल्या रोग्यांवर योजून पाहिले. ज्यांना जवळ घेण्यास सख्खे नातेवाईकही धजत नसत, अशा रोग्यांवर त्यांनी वर्षानुवर्षे उपचार केले. कित्येकांना या उपचाराने आराम पडला आणि भाऊंच्या औषधाचा बोलबाला झाला. तथापि औषध कोणत्या वनस्पतीचे आहे, हे त्यांनी बराच काळ प्रकट केले नाही. यामुळे त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली, आणि ती सर्वस्वी अन्यायाची होती असे म्हणता येणार नाही. कारण शास्त्रातील कोणतीही गोष्ट दहा जणांनी पडताळून पाहिली म्हणजेच ती पक्की होते. ती पडताळून पाहण्यासाठी आधी ती सर्वांना ठाऊक व्हावी लागते. थोर माणसांच्या चरित्रातही अशा उणिवा असतात. त्या झाकून ठेवल्याने त्यांचा थोरपणा वाढत नाही आणि सांगितल्याने कमीही होत नाही.

हे तेल चवीला अत्यंत कडू असे. पोटात घेताच मळमळ सुटे व पुष्कळ रोग्यांना ते सोसत नसे. त्याने सगळेच रोगी बरे होत असेही नाही. तरीही या जातीच्या वृक्षांचे तेल पुढे जगभर वापरात आले. पूर्व भारतातील अशाच तेलाला चालमोगरा म्हणतात. अमेरिकेच्या हवाई बेटांवर ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने १९१५ च्या सुमारास त्या तेलापासून सुईने टोचता येईल असे औषध सिद्ध केले. १९४० नंतर अधिक गुणकारी औषधे निघाली आणि या तेलाचे काम संपले. आता कुष्ठरोग पूर्णपणे बरा होतो. त्याची औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात व ती काही महिने नियमाने घ्यावी लागतात. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला, तर तो लपवून न ठेवता लगेच डॉक्टरांना दाखविणे, हेच शहाणपणाचे आहे.

भाऊंची जिज्ञासा वैद्यकापुरती मर्यादित नव्हती. त्यांनी प्राचीन नाणी, ताम्रपट व हस्तलिखिते जमविली. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख त्यांनी वाचले व कालिदासाच्या काळाविषयी निबंध लिहिला. भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या विद्वानाला त्यांनी आश्रय देऊन संशोधनास लावले. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशन या संस्थेचे ते चिटणीस होते. मुलींना शिकवू नये असे बहुसंख्य लोक मानीत असता त्यांनी मुलींच्या शाळांचा कैवार घेतला. १८६९ व १८७१ अशी दोन वेळा त्यांची मुंबईचे शेरीफ म्हणून नेमणूक झाली. भायखळ्याच्या बागेतील वस्तुसंग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. त्याच्या उभारणीसाठीही ते झटले होते.

१८७४ च्या मे महिन्यात भाऊंचे निधन झाले. त्यांचे वय तेव्हा अवघे पन्नाशीच्या आसपास होते आणि कुष्ठरोगावरील काम अपुरेच राहिले होते. पुढे एका शतकाने, १९७५ साली, भायखळ्याच्या त्या संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. ज्या बागेत ते उभे आहे, ती आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणून ओळखली जाते.

आजीच्या बटव्यातील मुळी असो किंवा इस्पितळातील गोळी असो, दोहोंना भाऊंनी एकच कसोटी लावली असती. रोग्याला गुण येतो काय, किती जणांना येतो आणि अपाय तर होत नाही ना, हे प्रश्न त्यांनी दोन्हीकडे सारख्याच कठोरपणे विचारले असते. कडूकवठीचे तेल ते जुने म्हणून वापरीत नव्हते. पारखून पाहिले म्हणून वापरीत होते. त्याहून चांगले औषध निघताच तेल मागे पडले. असे होणे हा त्या तेलाचा पराभव नव्हे. रोग्याचे दुःख दूर व्हावे यासाठीच तर भाऊंनी ते हाती घेतले होते.