विश्लेषण : चांगला बॉस ओळखायचा कसा? विक्रम साराभाईंच्या टीमचे पुढे काय झाले?

अप्रेझलचा महिना आला की ऑफिसात एकच चर्चा असते. पगार किती वाढणार, प्रमोशन मिळणार का? पण या बॉसच्या हाताखाली आपण काही नवीन शिकलो का, हा प्रश्न मागे पडतो. भारतीय अवकाश कार्यक्रमाचे जनक डॉ. विक्रम साराभाई यांची कारकीर्द या प्रश्नाचे चांगले उत्तर देते.

साराभाई कोण होते?

जन्म १२ ऑगस्ट १९१९, अहमदाबादच्या उद्योगपती घराण्यात. केंब्रिजची पीएच.डी. घेऊन परतल्यावर १९४७ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी त्यांनी भौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभारली. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या आयआयएमच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. १९६२ मध्ये अवकाश संशोधनाच्या राष्ट्रीय समितीची धुरा त्यांच्याकडे आली.

टीम कशी निवडली?

देशात रॉकेटचा अनुभव असलेली माणसे जवळपास नव्हतीच. त्यामुळे अनुभवापेक्षा शिकण्याची तयारी महत्त्वाची ठरली. तरुण एपीजे अब्दुल कलाम रॉकेट इंजिनीअर म्हणून रुजू झाले आणि निवडक सहकाऱ्यांसह त्यांना नासात प्रशिक्षणासाठी पाठवण्यात आले. हे तरुण परतल्यावर २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधील थुंबा येथून पहिले रॉकेट उडाले. तिथले ऑफिस होते एका जुन्या चर्चमध्ये.

या टीममध्ये मराठी माणसेही होती. थुंबाची जागा शोधण्याच्या कामात कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. इंग्लंडमध्ये काम करणारे वसंत गोवारीकर १९६७ मध्ये थुंबाला आले.

चूक झाली की काय करायचे?

कलाम यांनी आत्मचरित्रात एक प्रसंग नोंदवला आहे. रॉकेटचे टोक वेगळे करणाऱ्या यंत्रणेचे प्रात्यक्षिक पाहायला साराभाई आले होते. बटण दाबले, पण काहीच घडले नाही. कलाम आणि प्रमोद काळे यांनी टायमर सर्किट वगळून थेट जोडणी केली, तेव्हा कुठे यंत्रणा चालली.

बॉससमोर अशी फजिती झाली की सहसा चूक कोणाची, याचा शोध सुरू होतो. साराभाईंनी वेगळा प्रश्न विचारला. रॉकेटचे सगळे भाग एका छताखाली जोडण्याची सोयच नाही, हे तर यामागचे कारण नाही ना? त्या दिवशी उशिरापर्यंत चर्चा झाली आणि रॉकेट इंजिनीअरिंगचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. तरुण इंजिनीअरच्या नावावर ठपका लागला नाही आणि कामातली खरी अडचणही दूर झाली.

जबाबदारी कशी वाटली?

उपग्रह सोडणाऱ्या एसएलव्ही-३ रॉकेटचे चार टप्पे चार जणांकडे दिले गेले. पहिला गोवारीकरांकडे, चौथा कलामांकडे. स्वतःच्या देशात जे कोणी केले नव्हते, ते काम या माणसांच्या हाती होते.

उणी बाजू काय?

होमी भाभांच्या मृत्यूनंतर १९६६ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपदही साराभाईंकडे आले. एकाच वेळी अनेक संस्थांचा भार होता, प्रवास सतत चालू होता. त्यामुळे सहकाऱ्यांवर काम सोपवणे ही काही अंशी गरजही होती. अवकाश कार्यक्रमाची घट्ट प्रशासकीय घडी बसली ती त्यांच्यानंतर, सतीश धवन यांच्या काळात.

बॉस गेल्यावर काय उरले?

३० डिसेंबर १९७१ रोजी कोवलम येथे साराभाईंचे अचानक निधन झाले. वय ५२. काही तासांपूर्वीच ते कलामांशी फोनवर बोलले होते. एकाच माणसावर चालणारे काम अशा वेळी थांबते. इथे ते चालू राहिले.

साराभाईंच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केलेल्या यू. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली १९७५ मध्ये आर्यभट्ट उपग्रह तयार झाला. त्याच वर्षी सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे टीव्ही पोहोचवणारा ‘साइट’ प्रयोग सुरू झाला, त्याची धुरा चिटणीसांकडे होती.

१८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. प्रकल्पप्रमुख होते कलाम. थुंबाच्या केंद्राचे संचालक होते गोवारीकर. त्या केंद्राला नाव होते विक्रम साराभाईंचे.