शाहू महाराजांनी तिजोरी कुणासाठी उघडली?

राजर्षी छत्रपती शाहू महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. 1884 साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि 2 एप्रिल 1894 रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. 26 जुलै 1902 चा पन्नास टक्के राखीव जागांचा जाहीरनामा आपल्या वस्तीतल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. पण महाराजांनी राज्याचा पैसा कुठे घातला, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

संस्थानाचं मुख्य उत्पन्न म्हणजे शेतसारा. पाऊस गेला की रयत बुडाली आणि साराही बुडाला. महाराज गादीवर बसले आणि थोड्याच वर्षांत दुष्काळ आला, प्लेग आला. त्यांनी स्वस्त धान्याची दुकानं काढली, तगाई दिली. पण नुसतं वाटून किती दिवस भागणार? रयतेच्या हाताला काम आणि रानाला पाणी पाहिजे. शाहूपुरीत गुळाची पेठ उभी राहिली. 1906 साली कापडाची गिरणी निघाली. ती गिरणी आता बंद आहे, पण तिच्या पगारावर कोल्हापुरात किती चुली पेटल्या हे आम्हा गिरणीवाल्यांना विचारा!

1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. एका लहान संस्थानाला हा खर्च झेपला. त्या वेळी इंग्रज सरकारची तिजोरी कितीतरी मोठी होती, तरी त्यांना तो जड वाटत होता.

आपल्या समाजाच्या दृष्टीनं सगळ्यात मोठं काम 1918 चं. महारवतन म्हणजे काय, हे आता नव्या पिढीला सांगावं लागतं. जमिनीचा एवढासा तुकडा द्यायचा आणि त्याच्या मोबदल्यात सगळ्या घरानं रात्रंदिवस सरकारची नि गावाची चाकरी करायची. पगार नाही, सुट्टी नाही. म्हणजे सरकारचा खर्च वाचायचा आणि तो महारांच्या अंगावर पडायचा. महाराजांनी हे वतनच खालसा केलं. जमिनी महारांच्या नावावर रयतावा करून दिल्या. इतरांसारखा सारा भरा आणि मोकळे व्हा. मुंबई राज्यात याचा कायदा व्हायला 1958 साल उजाडलं.

1920 साली बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावच्या परिषदेला ते स्वतः आले. 6 मे 1922 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय अवघं 47.

भोगावतीवर राधानगरीचं धरण त्यांनीच हाती घेतलं होतं. महायुद्धाच्या महागाईत 1918 साली ते 40 फुटांवर थांबलं. उरलेलं काम स्वातंत्र्यानंतर, 1957 साली पुरं झालं.